चव्वेचाळीस बोटं

ताई : आधी तो ब्रश खाली ठेव. मग माझ्याकडे बघून बोल.

मास्तर : अगं ताई, हात चालू असले तरी कान उघडेच आहेत माझे. ढीग बघितलास का? एकट्या हाडांच्या वॉर्डाच्या दोनशे चादरी. प्रत्येकीच्या कोपऱ्यावर खूण केल्याशिवाय इस्पितळ परत घेत नाही.

ताई : जेवणाची सुट्टी आहे. सगळी लाँड्री बाहेर डबे उघडून बसलीय. तू सुट्टीत काम करणाऱ्यांतला कधीपासून झालास? माझ्या तोंडाकडे बघायला नको म्हणून ती चादर पुढ्यात ओढलीयस. लहानपणी पाटी आडवी धरायचास, तसा.

मास्तर : बरं बाई, ठेवला ब्रश. झाकणही लावलं बाटलीला. बोल.

ताई : हा कागद घे. कोरा आहे. यावर राजीनामा लिहून दे.

मास्तर : कुणाचा?

ताई : कुणाचा म्हणजे? माझ्या लेकीचा. तुझ्या सख्ख्या भाचीचा. मुकादम म्हणाला, भोंगा व्हायच्या आत कागद टेबलावर आला तर ‘स्वखुशीने सोडलं’ म्हणून लिहीन. नाही आला तर ‘हलगर्जीपणाबद्दल काढलं’. मग दुसऱ्या कुठल्या लाँड्रीत तिला दारात तरी उभं करतील का?

मास्तर : पण सकाळी मिटलं होतं ना ते? तिच्या ठमीला खरचटलंसुद्धा नाही. मी बघितलं, हसत होती पोर.

ताई : साडेतीन वर्षांची आहे. ती हसेल नाही तर काय करेल? तू बघितलंस म्हणे! तू कधी आलास? आरडाओरडा संपल्यावर. मी होते तिथे.

मास्तर : मला गडबड ऐकू आली, पण इथून मशीनघर...

ताई : ऐक आता. फाटक्या चादरींची ती गाडी असते ना कोपऱ्यात, शिवणवाल्या बाईची? तिला दुपारपर्यंत कुणी हात लावत नाही, हे सगळ्यांना ठाऊक. म्हणून पोरीने ठमीला त्यात झोपवलं. वरून पातळ चादर. पहाटे पाचला उठवून आणलेलं लेकरू, गाढ झोपलं. आणि तो नवीन गडी, ज्याला फाटक्यातलं नि मळक्यातलं काही कळत नाही, त्याने गाडी ढकलत थेट मोठ्या मशीनच्या तोंडाशी नेली. आकडा अडकवला. गाडी उचलायची, उलटी करायची, दार लावायचं, बटण दाबायचं. बाकी काही उरत नाही करायचं. आत उकळतं पाणी.

मास्तर : ताई, नको.

ताई : का नको? गाडी वर उचलली गेली होती. मी इस्त्रीच्या रोलरवरून मान वळवली ती घाम पुसायला. चादरीतून एक मोजा बाहेर आला होता. पिवळा. मीच विणलेला. मी घाम पुसायला वळले नसते, तर?

मास्तर : देवाची कृपा म्हणायची.

ताई : देवाला मध्ये आणू नकोस. त्याने काही केलेलं नाही. जे केलं ते आपण केलंय.

मास्तर : आपण काय केलं? पोर कामावर आणायची नाही हा नियम आहे. ती आणायला नको होती. मी भाचीच्या विरुद्ध नाही बोलत, पण...

ताई : मग कुठे ठेवायची होती? सांग की. शेजारची म्हातारी बहिरी. पहिल्या तारखेला तिच्याकडे ठेवली, तर ठमी जिना उतरून रस्त्यावर गेली आणि म्हातारीला पत्ता नाही. दुसऱ्या दिवशी खोलीला बाहेरून कुलूप लावलं. संध्याकाळी दार उघडलं तर पोर दाराला पाठ लावून झोपली होती आणि दाराचा रंग नखांनी खरवडला होता. तिसऱ्या दिवशी माझ्या लेकीने तिला पिशवीसारखी उचलून इथे आणली. तीन दिवस लपवली. आज चौथा.

मास्तर : मला म्हणाली असती तर...

ताई : तर तू काय केलं असतंस? खिशात ठेवली असतीस? गेल्या महिन्यापर्यंत समोर पाळणाघर होतं. सकाळी साडेपाचला उघडायचं. अख्ख्या शहरात तेवढ्या लवकर उघडणारं दुसरं नव्हतं, कारण ते आपल्यासाठीच काढलेलं होतं. पोर ठेवायची, रस्ता ओलांडायचा, हजेरीचं कार्ड दाबायचं. आता तिथे काय आहे?

मास्तर : गाड्या.

ताई : गाड्या. पट्टे मारलेत पांढरे. पोरांचे झोपाळे उपटून काढले त्या जागी दुकानदारांच्या मोटारी सावलीत उभ्या असतात. मोटारींना ऊन लागू नये!

मास्तर : असं बघ ताई, मला काय त्याचं वाईट वाटत नाही? पण हे वरचे लोक. त्यांचं त्यांचं चालतं. हा आला काय, तो आला काय, उडदामाजी काळे-गोरे. कुणीही निवडून आलं तरी आपल्याला चादरीच धुवायच्यात.

ताई : चादरी धुवायच्याच आहेत. पोर कुठे ठेवून धुवायच्या, ते विचारतेय मी.

मास्तर : नशीब असतं एकेकाचं.

ताई : नशीब? नशिबाला अकरा मतं कमी पडली होय रे?

मास्तर : हळू बोल. बाहेर ऐकू जाईल.

ताई : जाऊ दे. अकरा. पाटीवर लिहून लावलं होतं कचेरीबाहेर. नर्सबाई अकरा मतांनी पडल्या. ज्या बाईने ते पाळणाघर काढलं, स्वतःच्या घरच्या सतरंज्या आणून टाकल्या तिथे, ती पडली. आणि जो माणूस भर सभेत सांगत होता की ही जागा मी गाड्यांसाठी मोकळी करून देणार, तो आला. त्याने लपवलं होतं का काही? सगळं सांगून सवरून केलं बिचाऱ्याने. त्याला शिव्या तरी कशा द्यायच्या?

मास्तर : दुकानदारांनी निवडून आणलं त्याला.

ताई : आणलंच. पलीकडच्या बिल्डिंगमधली म्हातारी माणसं खुर्चीत बसवून मताला नेली त्यांनी. एकाला तर नळी लावलेली होती नाकात. त्यांना जागा हवी होती, त्यांनी मागितली, मिळाली. आपल्याला काय हवं होतं?

मास्तर : पाळणाघर, दुसरं काय?

ताई : सुट्टी हवी होती! ती मिळाली. ज्याने त्याने जे मागितलं ते ज्याला त्याला मिळालं. हिशोब चोख आहे.

मास्तर : तू आज भांडायलाच आलीयस.

ताई : भांडायला नाही, राजीनामा लिहून घ्यायला आलेय. अक्षर तुझं चांगलं. सगळी लाँड्री तुझ्याकडेच येते ना अर्ज लिहायला, पत्र लिहायला? ‘शाईमास्तर’ म्हणतात लाडाने. तेव्हाही तुझ्याकडेच आले होते सगळे. याच टेबलापाशी. याच बाटलीतली शाई.

मास्तर : ती थट्टा होती, ताई.

ताई : सांग मला, कशी झाली ती थट्टा. मला तुझ्या तोंडून ऐकायचीय.

मास्तर : तुला ठाऊक आहे सगळं.

ताई : तरी सांग.

मास्तर : काय सांगू? मालकाने फळ्यावर लिहिलं, मतदानाची भरपगारी सुट्टी, दुसऱ्या दिवशी बोटावरची शाई दाखवायची. ज्याच्या बोटाला शाई नाही त्याचा दिवस कापणार. आदल्या संध्याकाळी सगळे कुरकुरत होते. कोण म्हणालं, दोन-दोन तास रांग असते. कोण म्हणालं, यादीत नाव शोधण्यातच अर्धा दिवस जाईल. हातगाडीवाल्याला सासऱ्याला भेटायला जायचं होतं. मी आपलं सहज म्हणालो, रांगेत कशाला उभे राहता? शाई तर आपल्याकडेच आहे. ती उकळत्या पाण्यात पन्नास वेळा टिकते, बोटावर एक दिवस टिकणार नाही?

ताई : आणि?

मास्तर : आणि हसले सगळे. मग हातगाडीवाल्याने बोट पुढे केलं. मी ओढली रेघ. मग दुसरा. मग रांगच लागली.

ताई : रांग लागली! तिथल्या रांगेचा कंटाळा होता ना? इथे लावली. पाऊण तास उभे होते लोक. मतपेटीची खोली इथून चालत दहा मिनिटांवर.

मास्तर : तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही ते.

ताई : ब्रश कशाला पुसत होतास, ते सांग.

मास्तर : ते कशाला आता?

ताई : सांग.

मास्तर : चिठ्ठ्यांना. नर्सबाई दुपारी गेटवर वाटून गेल्या होत्या. पाळणाघराचं चित्र होतं त्यांवर. टेबलावर गठ्ठाच पडला होता, हाताशी आला.

ताई : त्या बाईने एकेकाच्या हातात दिली होती रे चिठ्ठी. आपण सगळ्यांनी माना डोलावल्या. हो बाई, येतो बाई, तुम्हालाच बाई. काल भेटल्या मला गेटवर. कचेरीत गेल्या होत्या, पाळणाघर निदान दुसऱ्या जागेत तरी उघडा म्हणून भांडायला. तिथल्या साहेबाने काय केलं माहितीय? यादी काढली. मतांची नाही, मताला कोण कोण आलं त्याची. आपली गल्ली काढून पानावर बोट ठेवलं आणि म्हणाला, बाई, लाँड्रीच्या गल्लीत पंचेचाळीस नावं आहेत आणि मताला एक माणूस आलेला आहे. एक. पाळणाघर हवंय कुणाला? तुम्हालाच?

मास्तर : असं म्हणाला?

ताई : असंच. नर्सबाई माझ्याकडे बघत होत्या सांगताना. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. नुसतं विचारलं, तुम्ही सगळे कुठे होता हो त्या दिवशी? मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात. आपण तर आंधळेही नाही. डोळे उघडे ठेवून दळलं.

मास्तर : ते एक मत कुणाचं?

ताई : तुला माहीत नाही? खरंच विचारतोयस की सोंग घेतोयस?

मास्तर : माहीत आहे.

ताई : मग बोल ना! तिचं. त्या संध्याकाळी ती इथे नव्हती. सहाला पाळणाघर बंद व्हायचं, म्हणून तिची रोज पळापळ. तुझ्या शाईच्या रांगेची तिला खबरच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ठमीला कडेवर घेऊन गेली आणि अडीच तास उन्हात उभी राहिली. आणि त्यानंतर इथे काय झालं तेही आठवत असेल.

मास्तर : रोज आठवतं.

ताई : मग माझ्यासमोर आठव. मोठ्याने.

मास्तर : मालक आले होते. सगळ्यांना ओळीने उभं केलं. हात पुढे करा म्हणाले. सगळ्यांनी उजवा हात पुढे केला, कारण... कारण मी गाढव. चादर समोर पसरली की तिचा डावा कोपरा माझ्या डाव्या हाताला येतो. वीस वर्षं तिथेच खूण करतोय. माणूस समोर बसला आणि मी तसाच, माझ्या डावीकडचा हात ओढला. म्हणजे त्याचा उजवा. एकानेसुद्धा म्हटलं नाही की मास्तर, शाई डाव्या बोटाला लावतात.

ताई : म्हणणार कोण? कुणी गेलंच नव्हतं कित्येक वर्षांत.

मास्तर : चव्वेचाळीस उजवे हात. आणि तिचा एकटीचा डावा. त्यावर ती खरी शाई, फिकट, नखाच्या कडेला जेमतेम रेघ. माझी कशी, ठसठशीत! मालकांनी भुवया उंचावल्या. तर मुकादम पुढे झाला आणि म्हणाला, सगळ्यांची शाई एका हाताला आणि हिची दुसऱ्या? घरी बसून पेनाने लावून आलीस होय गं?

ताई : आणि मुकादमाचं बोट?

मास्तर : तेही मीच रंगवलं होतं.

ताई : म्हणजे त्याला ठाऊक होतं, ओळीत खरं बोट एकच आहे ते.

मास्तर : ठाऊक होतं. मालक अजून दोन प्रश्न विचारतात तर त्याचंच पितळ उघडं पडलं असतं. म्हणून तिला पुढे ढकलली.

ताई : चोर सोडून संन्याशाला फाशी. दिवस कापला तिचा. आणि लोक हसले. मास्तर, लोक हसले! ज्यांची बोटं तू रंगवली होतीस ते हसले. तू काय केलंस?

मास्तर : मी काही बोललो नाही.

ताई : तुझी भाची. तुझ्या मांडीवर वाढलेली. एक शब्द नाही फुटला तुझ्या तोंडातून?

मास्तर : काय बोलायला हवं होतं? की मी केलं सगळं, या सगळ्यांना काढून टाका? बास झालं आता. मघापासून ऐकून घेतोय. मी, मी, मी. चव्वेचाळीस बोटं काय मी बळजबरीने ओढली? आणि त्यात पहिलं... जाऊ दे.

ताई : नाही. बोल.

मास्तर : हातगाडीवाला पहिला नव्हता, ताई. तुला लाज वाटू नये म्हणून आत्ताही मी त्याचं नाव घेतलं. पहिली तू होतीस. त्या स्टुलावर बसलीस आणि म्हणालीस, लाव रे बाबा, माझे पाय गेलेत.

(भिंतीपलीकडे रिकामं मशीन थेंब थेंब गळत असतं.)

ताई : मी होते पहिली.

मास्तर : मला काढायचं नव्हतं ते.

ताई : काढलंस ते बरं केलंस. बावीस वर्षं त्या रोलरपाशी उभी आहे मी. सकाळी पाय जमिनीला टेकवले की वाटतं, सुया पेरून ठेवल्यात कुणी. त्या दिवशी अकरा वाजेपर्यंत झोपले. अकरा! उन्हं अंगावर आली तरी उठले नाही. लेक सकाळी म्हणाली, आई, चल ना माझ्याबरोबर. मी म्हटलं, तू हो पुढे, मी येते मागून. हात पांघरुणाखाली दडवलेला. बोट रंगवलेलं. कसलं मागून! कूस बदलली आणि झोपले. इतकी गोड झोप मला लग्नाआधी लागली असेल.

मास्तर : थकलेल्या माणसाने झोपूही नये का?

ताई : झोपावं. दहा मिनिटं चालून येऊन मग झोपावं! मला दया दाखवू नकोस, मला राग येऊ दे. आणि मालकापुढे ती डावा हात घेऊन उभी होती ना, तेव्हा मी तिच्यापासून तिसरी होते. मालक पुढे सरकताच मी मूठ वळली होती. तिने एकदा माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. पोटच्या पोरीला ते चोर ठरवत होते आणि मी छताचे पत्रे मोजत होते. तुला बोलतेय, पण मी काय वेगळी? आपलेच दात, आपलेच ओठ.

मास्तर : तिला माहीत आहे? तुझ्या बोटाचं?

ताई : नाही. पंधरा दिवस चिंधी बांधून फिरले. भाजलं म्हणून सांगितलं.

मास्तर : मी जातो मालकाकडे.

ताई : काय?

मास्तर : आत्ता जातो. बाटली घेऊनच जातो. सांगतो, त्या दिवशी खरं बोट तिचं एकटीचं होतं, बाकी सगळी माझी करामत, मुकादमासकट. मग बघू तो कुणाचा राजीनामा मागतो ते. हो बाजूला.

लेक : कुठे निघालास, मामा?

ताई : तू? इकडे कशाला आलीस? ठमी कुठाय?

लेक : ही काय, माझ्या मागे. पदर सोडत नाही सकाळपासून. कागद झाला का लिहून? सात मिनिटं राहिलीत.

मास्तर : कागद नाही आणि काही नाही. मी मालकाला खरं सांगणार आहे.

लेक : काय खरं?

मास्तर : बोटांचं. तू... तुला नाही ठाऊक पोरी, त्या दिवशी...

लेक : उजव्या हातांचं? ते मला ओळीत उभी होते तेव्हाच कळलं, मामा. चव्वेचाळीस जण एकदम डावखुरे कसे होतील? आणि सगळ्यांची रेघ सारखी, खालून जाड, वर बारीक. चादरीवर तू खूण करतोस तशी.

मास्तर : मग बोलली का नाहीस? मालक समोर होते!

लेक : बोलले असते तर तुला काढलं असतं. सगळ्यांना काढलं असतं. आईलाही.

ताई : मला कशाला? मी तर...

लेक : आई, तू पंधरा दिवस न्हाणीघरात दार लावून लिंबाची साल घासायचीस. सगळी सालं मीच टाकायचे उचलून.

ताई : आणि मला एका शब्दाने विचारलं नाहीस?

लेक : काय विचारू? तू सांगशील म्हणून वाट बघितली. मग पाळणाघर बंद झालं. मग वेळच नाही मिळाला.

ताई : मला मार दोन थोबाडीत. पण अशी बोलू नकोस.

लेक : मला राग येत नाही असं समजू नकोस, आई. खूप येतो. रस्ता ओलांडताना त्या मोटारी दिसल्या की येतो. बाहेर आत्ता सगळ्या बायका बसल्यात, मी समोरून आले तर एकदम गप्प झाल्या आणि एकीने ठमीला बिस्कीट दिलं. तेव्हा सगळ्यात जास्त आला. पण मुकादमाने सात मिनिटं दिलीत, ती रागात घालवून मला परवडायचं नाही.

मास्तर : म्हणूनच म्हणतो, मी जातो मालकाकडे.

लेक : जाऊन काय होईल? चव्वेचाळीस जण घरी बसतील. पाळणाघर उघडेल का? ठमीला उद्या ठेवायची कुठे, ते मालक सांगणार का? ते सांगायचा एकच दिवस होता, मामा. तो तुम्ही सगळ्यांनी मिळून घालवलात.

मास्तर : पुढच्या वेळी आपण सगळे जाऊ. मी एकेकाला हाताला धरून नेईन, शपथ.

लेक : पुढची वेळ पाच वर्षांनी. तेव्हा ठमी साडेआठची असेल. तिला पाळणाघर लागणार नाही.

ताई : अगं पण नोकरी सोडून करशील काय?

लेक : दोन-तीन घरची धुणी बघितलीत. तिथे पोरीला बरोबर आण म्हणाल्या बाई. निम्मेसुद्धा मिळणार नाहीत. पण ती डोळ्यांसमोर राहील. लिही मामा. बस खाली.

मास्तर : माझा हात चालत नाही.

लेक : तेव्हा चालला ना? लिही. ‘मी खाली सही करणारी, आजपासून काम सोडत आहे.’

मास्तर : ‘...सोडत आहे.’ कारण लिहावं लागतं. ‘घरगुती अडचणीमुळे’ असं लिहितात सगळ्यांचं.

लेक : घरगुती नाही लिहायचं.

मास्तर : पण पद्धतच आहे तशी. मुकादम दुसरं काही घेणार नाही.

लेक : घरात काही अडचण नाही माझ्या. घरातलं सगळं मी नीट करत होते. ‘पाळणाघर बंद केल्यामुळे’ असं लिही.

ताई : तसंच लिही. आणि खाली माझंही नाव घाल, साक्षीला. मुकादमाकडे मी नेते कागद. त्याने नाही घेतला तर भर कारखान्यात मोठ्याने वाचून दाखवेन, आणि वाचताना त्याच्या उजव्या हाताकडे बघेन. बघू घेतो की नाही.

मास्तर : ‘...पाळणाघर बंद केल्यामुळे.’ घे. कर सही.

ठमी : आजोबा, ती शाई आहे?

मास्तर : हो गं, बाळा. हात नको लावूस. कपड्यांची आहे ती.

ठमी : मला पण लाव ना बोटाला.

मास्तर : नको. ती चांगली नाही.

ठमी : आईला लावली होती. त्या शाईवाल्या बाई म्हणाल्या, तू मोठी झालीस की तुला लावू. मी मोठी झाले.

लेक : लाव, मामा. त्या दिवसापासून धोशा लावलाय तिने. एवढा वेळ उभी होती माझ्याबरोबर, एकदाही रडली नाही.

मास्तर : बरं. ये इकडे. बस या स्टुलावर, माझ्यासमोर. दे बघू बोट.

लेक : तो नाही, मामा. डावा.